पहिली ड्रिफ्ट गाडी: कोन विकत घेण्याआधी

वळणावर गाडीची मागची चाके मुद्दाम घसरवायची, पुढची चाके वळणाच्या उलट्या बाजूला वळवून ती घसरण हातात ठेवायची आणि गाडी अशी आडवी असतानाच सगळे वळण काढायचे, या खेळाला ड्रिफ्टिंग म्हणतात. त्याचा जन्म जपानमधला. 1970 च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी हे शर्यतपटू वळणात गाडी घसरवत नेण्यासाठी प्रसिद्ध होते. पुढे घाटरस्त्यांवर गाड्या पळवणाऱ्या तरुणांनी ती रीत उचलली, आणि केइची त्सुचिया यांनी टोयोटाच्या एई86 या छोट्या, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीतून ती जगापुढे आणली. शतक पालटताना जपानमध्ये डी1 ग्रां प्री ही स्पर्धा उभी राहिली आणि 2004 पासून अमेरिकेत फॉर्म्युला ड्रिफ्टची मालिका सुरू झाली. या स्पर्धांचा निकाल पंच देतात: गाडीने कोणती रेषा धरली, किती कोनात आडवी गेली, किती सफाईने गेली. यातला कोन डोळ्यांत भरतो, आणि नवशिक्याची पहिली दिशाभूल तिथेच होते.

गाडी एवढी आडवी राहावी म्हणून स्पर्धेतल्या गाडीची पुढची चाके साठ अंशांच्या घरात वळलेली दिसतात. कारखान्यातून आलेल्या साध्या गाडीची तीस-पस्तीस अंशांच्या फार पुढे जात नाहीत. हे पाहिलेला नवशिक्या जुनी गाडी घेतो आणि पहिल्याच महिन्यात स्टिअरिंगचा कोन वाढवणारे महागडे किट व कडक सस्पेन्शन मागवतो. माझे म्हणणे असे की पहिल्या गाडीतला पैसा कोन वाढवण्यात जाऊ नये. गाडी दर वेळी सारखीच वागेल याची सोय करण्यात जावा. शिकणारा माणूस तुलनेतून शिकतो. मघाच्या फेरीत एवढ्या वेगाने आलो, एवढे स्टिअरिंग फिरवले, एवढी रेस दिली आणि गाडी गरकन फिरली. आता रेस थोडी कमी देऊन पाहू. हा प्रयोग करता यावा म्हणून बाकी सगळे स्थिर असावे लागते. चाकच आपल्या जागी हलत असेल, तर चूक पायाची होती की गाडीची हे कधीच कळत नाही. मग माणूस शंभर फेऱ्या मारतो आणि गाडीच्या खोडी अंगवळणी पाडून घेतो. ड्रिफ्ट शिकायचे राहूनच जाते.

उदाहरणासाठी निसानची सिल्व्हिया एस13 घेऊ. 1988 मध्ये आलेली ही गाडी अमेरिकेत 240एसएक्स या नावाने विकली गेली. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे मल्टिलिंक, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, अशी तिची रचना असल्यामुळे ड्रिफ्ट करणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या तिच्यावर शिकल्या. पण आज या पिढीची सर्वांत अलीकडची सिल्व्हियाही तीस वर्षे ओलांडून गेली आहे. तिच्यातले लोखंड टिकले असेल, रबर टिकलेले नसते. चाक धरून ठेवणारा प्रत्येक आर्म रबरी बुशांमधून गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो. एस13 मध्ये पुढचा लोअर आर्म मागे-पुढे सरकू नये म्हणून एक टेन्शन रॉड असतो. त्याचा बुश चिरला की ब्रेक मारताना चाक मागे जाते, ब्रेक सोडला की पुढे येते आणि चाकाचा कोन चालत्या गाडीत बदलत राहतो. स्टिअरिंगचा रॅक ज्या रबरांवर बसवलेला असतो ती सैल झाली, तर चालकाने स्टिअरिंग फिरवल्यावर आधी रॅकच बाजूला सरकतो आणि मग चाके वळतात. मागचा सबफ्रेम, म्हणजे मागचे सगळे आर्म आणि डिफरन्शियल पेलणारी चौकट, तिचे बुश बसले की रेस दिल्याबरोबर ती चौकटच मुरगळते. यातली एकेक गोष्ट मिलिमीटरांची असते. त्या सगळ्या एकत्र आल्या की स्टिअरिंग आणि रस्ता यांच्यामध्ये एक अनिश्चित क्षण येऊन बसतो. ड्रिफ्टमध्ये त्या क्षणाला फार किंमत असते.

म्हणून पहिला खर्च इथे. रॅक आणि चाक यांना जोडणाऱ्या टाय रॉडची आतली आणि बाहेरची टोके, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग, रॅकचे बुश, टेन्शन रॉडचा बुश, सबफ्रेमचे बुश किंवा निदान त्यांतली पोकळी भरून काढणारे कॉलर. तपासणीला यंत्र लागत नाही. गाडी जॅकवर उचलून नीट आधार द्यावा, पुढचे चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवावे. खेळ जाणवला तर बहुधा टाय रॉड किंवा रॅक. बारा आणि सहाच्या जागी धरून हलले तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश घ्यावेत का, हा प्रश्न लगेच येतो. रॅक आणि सबफ्रेम या न हलण्याच्या जागा आहेत, तिथे कडक बुश फायद्याचाच. पण मागच्या मल्टिलिंकमधले काही सांधे एकाच वेळी दोन-तीन दिशांना वळतात. तिथे पॉलियुरेथेन अडकते आणि सस्पेन्शन मोकळे चालत नाही. तिथे नवे रबरच बरे. एस13 च्या काही गाड्यांत हायकास नावाची यंत्रणा असते, ती वळणात मागची चाकेही किंचित वळवते. रस्त्यावर तिचा उपयोग असेलही, पण घसरणाऱ्या गाडीत मागची चाके स्वतःच्या मताने वळू लागली तर चालकाचा सगळा अंदाज चुकतो. ड्रिफ्ट करणारे ती आधी लॉक करतात. कोन एका अंशानेही न वाढवणारा हा बदल अनुभवी लोक यादीत सर्वांत वर का ठेवतात, याचा विचार नवशिक्याने जरूर करावा.

आता स्टिअरिंग. मागची चाके घसरू लागली की चालक स्टिअरिंग उलटे फिरवतो असे बाहेरून दिसते. प्रत्यक्षात बरेचसे काम गाडी स्वतः करते. पुढचे चाक ज्या कललेल्या अक्षाभोवती वळते त्या कलाला कॅस्टर म्हणतात. अक्ष वरच्या टोकाला मागे झुकलेला असल्यामुळे तो जमिनीला चाकाच्या टेकण्याच्या जागेपुढे भेटतो, आणि टायर त्या बिंदूच्या मागे ओढला जातो. रुग्णालयातल्या स्ट्रेचरची चाके जशी ढकलण्याच्या दिशेला आपोआप सरळ होतात, तशीच ही चाकेही गाडी ज्या दिशेने खरोखर जात आहे त्या दिशेकडे वळू पाहतात. गाडी आडवी झाली की तिचे तोंड एकीकडे आणि प्रवास दुसरीकडे. पुढची चाके प्रवासाच्या दिशेला वळू लागतात, स्टिअरिंग हातात गरगर फिरते. कसलेला चालक ते फिरू देतो आणि योग्य जागी धरतो. शिकण्याचा गाभा हाच: स्टिअरिंग कधी सोडायचे, कधी धरायचे. कॅस्टर पुरेसा आणि दोन्ही बाजूंना सारखा असेल, तर स्टिअरिंग दर वेळी सारख्या वेगाने फिरते आणि हाताला ती लय कळते. सहा ते आठ अंशांच्या दरम्यानचा कॅस्टर या कामाला पुरतो आणि एस13 मध्ये तो टेन्शन रॉडच्या लांबीवरून साधता येतो. डावीकडे एक आणि उजवीकडे दुसराच, असे असेल तर एका बाजूचा ड्रिफ्ट जमतो, दुसऱ्या बाजूचा जमत नाही, आणि माणूस स्वतःलाच दोष देत राहतो. पॉवर स्टिअरिंगचे तेलही याच हिशेबातले. हात झपाट्याने फिरत असताना पंप कमी पडला किंवा तेल तापून पातळ झाले, तर मधेच स्टिअरिंग जड होते. नवे तेल, धडके होज आणि एक छोटा कूलर एवढ्याने ही अडचण बहुतेक मिटते.

कोन वाढतो कसा, हे समजून घेतले की किटचा मोह आपोआप कमी होतो. स्टिअरिंग फिरवले की रॅक डावी-उजवीकडे सरकतो, टाय रॉड नकलच्या, म्हणजे चाक ज्या भागावर बसते त्याच्या, आर्मला ढकलतो आणि चाक वळते. समजण्यापुरता सोपा हिशेब घेऊ. आर्म 120 मिलिमीटरचा आणि रॅक एका बाजूला 65 मिलिमीटर सरकत असेल, तर चाक सुमारे 33 अंश वळेल. रॅक आणि आतला टाय रॉड यांच्यामध्ये 5 मिलिमीटरचा स्पेसर घातला, तर रॅक तेवढा जास्त सरकतो आणि कोन 36 अंशांच्या जवळ जातो. आर्मच कापून 100 मिलिमीटरचा केला, तर त्याच रॅकवर 40 अंश ओलांडता येतात आणि स्टिअरिंग कमी फिरवून चाक जास्त वळते. फुकट मात्र काही मिळत नाही. आर्म आखूड झाला की तेच चाक वळवायला रॅकवर सुमारे वीस टक्के जास्त जोर लागतो. तो भार पंपावर, टाय रॉडवर आणि जुन्या सांध्यांवर येतो. खेळ असलेल्या सांध्याचा परिणामही त्याच प्रमाणात मोठा होतो. टायर टेन्शन रॉडला आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला घासू लागतो म्हणून चाक बाहेर काढावे लागते. चाक बाहेर काढले की खड्ड्याचा प्रत्येक झटका स्टिअरिंगवर येतो. आणि कोन फार वाढवला की टाय रॉड व आर्म जवळजवळ एका रेषेत येतात. तिथे पोचलेले चाक परत येत नाही, पूर्ण लॉकला, म्हणजे वळण्याच्या शेवटच्या टोकाला, अडकून बसते. चालत्या गाडीत हे घडणे धोक्याचे आहे. चांगली किट बनवणारे ही सगळी भूमिती नव्याने मांडतात, त्याचीच किंमत घेतात. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून कापून जोडलेली नकल मात्र कोणीही घेऊ नये; ती तुटली तर चालकाच्या हातात स्टिअरिंग उरते, चाक उरत नाही.

यावर एक आक्षेप खराखुरा आहे. जास्त कोन असला की गाडी जास्त आडवी होऊनही सावरता येते, म्हणजे चुकीला जास्त जागा मिळते. नवशिक्यालाच तर त्याची गरज आहे. तत्त्वतः हे बरोबर आहे. पण नवशिक्याची गाडी फिरते ती कुठे, ते पाहिले पाहिजे. ती फिरते हात उशिरा सुटल्यामुळे, घाबरून रेस एकदम सोडल्यामुळे, किंवा नको तितक्या वेगाने वळणात शिरल्यामुळे. चाके लॉकला पोचलेली नसतात. पोचायच्या आतच गाडी गेलेली असते. तिथे आणखी वीस अंश शिल्लक असून काही उपयोग नाही. उलट मोठ्या कोनातून गाडी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फेकताना चाकांना दुप्पट अंतर कापावे लागते, आणि मधेच मागच्या टायरने पकड घेतली तर गाडी चाके वळलेल्या दिशेला झपकन सुटते. जास्त कोनामुळे चूक पुढे ढकलली जाते आणि मोठी होऊन समोर येते. त्सुचियांच्या काळात आजच्यासारखी मोठ्या कोनाची तयार किट दुकानात मिळत नव्हती, तरी ती पिढी हा खेळ शिकलीच. एवढे मान्य करतो की स्पेसर आणि मजबूत टाय रॉड हा स्वस्त, सहज उलटवता येणारा बदल आहे. तो पहिल्या वर्षात केला तर माझी हरकत नाही. फक्त रॅकचे दाते पूर्ण धरून राहतात ना आणि टायर कुठे घासत नाही ना, हे चाक दोन्ही लॉकला नेऊन पाहावे.

अकरमन हे नाव या चर्चेत हमखास येते. साध्या वळणात आतले चाक लहान वर्तुळात फिरते म्हणून कारखाने ते बाहेरच्यापेक्षा जास्त वळेल अशी रचना करतात; तिलाच अकरमन म्हणतात. ड्रिफ्टमध्ये दोन्ही पुढची चाके जवळजवळ एकाच दिशेने घसरत जातात, तेव्हा हा फरक त्यांना एकमेकांविरुद्ध ओढतो आणि गाडीचा वेग खातो. ड्रिफ्टसाठीच्या नकल हा फरक कमी करतात. पण तो खुपतो मोठ्या कोनात. तीस अंशांच्या आत शिकणाऱ्याने त्यासाठी पैसे मोजू नयेत.

सस्पेन्शनबद्दलचा गैरसमज याहून पक्का आहे. कडक स्प्रिंग घातली की वजन कमी सरकते, असे पुष्कळांना वाटते. वळणात किती वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाते हे मुख्यतः गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच आहे, दोन चाकांमधले अंतर किती आणि वळणाचा जोर किती यावर ठरते. स्प्रिंगने गाडी किती कलते आणि ते वजन किती झटकन पोचते, एवढेच बदलते. पुढे आणि मागे कडकपणा वेगवेगळा ठेवला तर ते वजन दोन्ही टोकांत कसे वाटले जाते, हे बदलते. एस13 साठी जपानी कंपन्या बनवतात त्या कॉइलओव्हरमध्ये, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेल्या आणि उंची बदलता येणाऱ्या जोडणीत, पुढे 8 आणि मागे 6 किलो प्रति मिलिमीटर ही जोडी नेहमी दिसते. 8 ची स्प्रिंग 100 किलो जास्त भाराखाली साडेबारा मिलिमीटर दबते. याच्या निम्मी कडक असती तर 25 दबली असती. तेवढ्या प्रवासात नवशिक्याला गाडी कलताना कळते, मागचा भाग सुटायच्या आधी सूचना मिळते. फार कडक गाडीत ती सूचना आखूड होते, आणि ओबडधोबड मैदानावर टायर जमीन सोडून उड्या मारतो. म्हणजे मूळचे सस्पेन्शन ठेवावे का? तेही नाही. तीस वर्षांचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर स्प्रिंगला थांबवू शकत नाही. गाडी एकदा कलून परत उसळते आणि ती उसळीच नवशिक्याला उलट्या बाजूला फेकते. खर्च करावा तो ही उसळी आवरण्यावर, म्हणजे डॅम्पिंगवर. नावाजलेल्या कंपनीचा साधा, मध्यम स्प्रिंगचा कॉइलओव्हर, ज्याचे सुटे भाग मिळतात आणि जो दुरुस्त होतो, तो पुरे. डॅम्पिंग कमी-जास्त करणारी बटणे मधल्या खाचेवर ठेवावीत आणि बदलायचे झाल्यास एका वेळी एकच बदलावे.

गाडी जमिनीला टेकवण्याची हौस मात्र आवरावी. स्ट्रटच्या गाडीत लोअर आर्म साधारण आडवा असताना भूमिती ठीक चालते. गाडी फार खाली आणली की आर्मचे बाहेरचे टोक वर जाते आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो. परिणामी उंची कमी करूनही कलण्याचा जोर वाढतो, तो दाबायला आणखी कडक स्प्रिंग लागते. टाय रॉडही तिरपा होतो आणि खड्ड्यावरून जाताना चाक स्वतःहून वळू लागते. मग हे दुरुस्त करायला लांब बॉल जॉइंट आणि टाय रॉडची वेगळी टोके विकत घ्यायची. आधी दुखणे विकत घ्यायचे, मग औषध, असा हा व्यवहार आहे.

व्हील अलाइनमेंट हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम. कॅस्टरमुळे उलट्या स्टिअरिंगवर वळणाच्या बाहेरचे, सर्वाधिक भार घेणारे पुढचे चाक वरच्या बाजूने बाहेर झुकते. म्हणून आधीच ते आत झुकवून ठेवतात, तीन ते पाच अंश ऋण कॅम्बर देऊन. कोन माफक असलेल्या गाडीला यातला खालचा आकडा पुरतो. मागच्या चाकांना शून्याच्या जवळ कॅम्बर आणि किंचित टो-इन, म्हणजे चाकांची पुढची बाजू जराशी आत, ठेवावे, म्हणजे टायर सपाट झिजतो आणि गाडी रेसला सरळ उत्तर देते. गाडी खाली आणली की मागचा कॅम्बर आपोआप वाढतो, त्यामुळे मागे जुळवता येणारे आर्म लागतील. आकड्यांचा कागद जपून ठेवावा. कठड्याला एकदा घासली की तो कागदच काय बदलले ते सांगतो.

गाडी दुसरी असेल तर जागा बदलतात, क्रम बदलत नाही. बीएमडब्ल्यू ई36 मध्ये पुढच्या लोअर आर्मचा मागचा बुश आणि मागच्या ट्रेलिंग आर्मचे बुश आधी पाहावेत, शिवाय सबफ्रेमच्या जोडाजवळ पत्र्याला चिरा आहेत का तेही. माझदा एमएक्स-5 ची पहिली पिढी हलकी आणि चारी बाजूंना डबल विशबोन असलेली, पण तिच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर 2,265 मिलिमीटर. एस13 चे 2,475 आणि ई36 चे 2,700. जितके अंतर कमी तितकी गाडी झटकन फिरते. म्हणून एमएक्स-5 वाल्याला सारखेपणाची गरज सर्वांत जास्त.

दोनदा खर्च करण्यापेक्षा एकदाच मोठे किट घ्यावे, असेही सांगितले जाते. पण वर सांगितलेल्यातले बहुतेक काहीच वाया जात नाही. नवे बुश, बेअरिंग, चांगला कॉइलओव्हर हे किट आल्यावरही गाडीतच राहतात. शिवाय नवशिक्या आपटणार, हे गृहीत धरावे. मूळ लोअर आर्म भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळतो; वाइजफॅबसारख्या एस्टोनियातल्या कंपनीचा भाग मागवून तो येईपर्यंत गाडी उभी राहते. तेवढ्या दिवसांत किती सराव झाला असता, ते किटच्या किमतीत मिळवून पाहावे.

परदेशात राहणाऱ्या मराठी तरुणांना हा खेळ ट्रॅकवर शिकता येतो. जर्मनीसारख्या देशात गाडी रस्त्यावरही आणायची असेल तर असे बदल अधिकृत तपासणीतून मान्य करून घ्यावे लागतात. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याला आडकाठी करते आणि कलम 189 सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय वेगाची चढाओढ करणे गुन्हा ठरवते. रात्रीचा रिकामा घाटही त्याला अपवाद नाही.

मोठ्या कोनाच्या किटची वेळ येते, पण ती ओळखायची एक साधी खूण आहे. हात वेळेवर सुटतात, रेस हवी तेवढीच पडते, दोन्ही बाजूंचे ड्रिफ्ट सारखे जमतात आणि तरीही चाके लॉकला टेकल्यामुळे गाडी फिरते, असे पुन्हा पुन्हा घडू लागले की किट घ्यावे. त्याआधी नाही. आज हातात पैसे असतील तर दोन जादा टाय रॉड, एक जादा लोअर आर्म, अलाइनमेंटचा खर्च आणि ट्रॅकवरच्या पुढच्या दोन दिवसांचे मागचे टायर एवढे आधी बाजूला काढून ठेवा.